धुतलेली गोधडी

काचेच्या पेटीतली गोधडी यंत्राने पुन्हा हुंगली आणि पडद्यावर तेच उमटलं: साबण आणि ऊन. माणसाचा वास नाही.

"मावशी, ही धुतलीत का?" व्हिसा केंद्रातल्या बाईंनी विचारलं.

"मग? सरकारी कचेरीत मळकी आणायची?" रंजनाबाई म्हणाल्या. "इतक्या वर्षांचा वास कुठं एका धुण्यात जातो?"

त्यांना नॉर्वेला लेकीकडे कायमचं राहायला जायचं होतं. फोटो, दाखले, रक्ताचे अहवाल आता कुणीही हुबेहूब बनवून घेई. म्हणून तिथल्या कचेरीने जादा पुरावा मागवला होता: मायलेकींनी मिळून वापरलेलं, दोघींचा वास मुरलेलं एखादं कापड.

"दुसरं काही आहे का घरी?"

"ही एकच. मोनाली परदेशी गेली तेव्हापासून पाण्यात घातली नव्हती."

बाईंनी त्यांच्याकडे न बघता 'पुरावा अपुरा' अशी नोंद केली आणि गोधडी नीट घडी करून परत दिली.

बाहेरच्या बाकावर बसून रंजनाबाईंनी ती घडी मोडली. रोज झोपताना धरत तसं तिचं टोक नाकाशी धरलं आणि खोल श्वास घेतला. मग दुसरं टोक धरलं.

यंत्र खोटं बोललं नव्हतं.