दसऱ्याचा हार

छातीत कळ आली म्हणून घनसावंगीहून जालन्याला दवाखान्यात नेताना आकांक्षाचे वडील वाटेतच, जीपमध्ये गेले. जीपभर माणसं होती, पण छाती दाबायला एकालाही येत नव्हतं. म्हणून बारावी होताच ती आईला, उषाबाईंना घेऊन पॅरामेडिकलचं कॉलेज बघायला नवीन जालन्यात आली.

संचालकसाहेबांनी मोठ्या ऐटीत प्रॅक्टिकलची खोली उघडली. छाती दाबायचा सराव करायचा रबरी पुतळा टेबलावर निजलेला. अंगावरचं प्लास्टिक तसंच, त्यावरूनच कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूचा वाळका हार.

"दर दसऱ्याला पूजा करतो आम्ही याची!"

"मंग पोरं शिकतात कशावर?" आकांक्षानं विचारलं.

"छे! पूजेतल्या वस्तूला हात लावू देत न्हाई."

 

उषाबाईंनी लेकीचा हात धरला. "चल गं. हार घातलेला एक आपल्या घरी भिंतीवर हाये की."