महाराणीची तंगडी

बरणीत महाराणी नव्हती. झाकणाच्या कडेला तिची एक तंगडी तेवढी अडकली होती.

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं. कामाचा हिरवा कोट त्याने सकाळी बरण्यांत खाऊ म्हणून रातकिडे टाकण्याआधीच चढवला होता. दुकानाची वेळ टळून गेली तरी तो फळीपुढून हलेना. फळीवर ओळीने बरण्या आणि एका बरणीत एकच शिकारी नाकतोडा; महाराणी त्यातली सगळ्यात मोठी. दोन एकत्र ठेवले की एक दुसऱ्याला खाऊन मोकळा.

"कुरतडलेली नाही," तो म्हणाला. "सांध्यातून सुटलीय. कुणीतरी हात घालून धरली, म्हणून तंगडी सोडून दिली तिने. आणि चावल्याशिवाय ती कुणाच्या बापाच्या हाती लागत नाही."

मग भिंग न काढताच त्याने घरातल्यांचे हात तपासायला घेतले. बायकोने दोन्ही तळवे नाकासमोर धरले. "घ्या. भांडी घासून सोललेत, त्याचाही पंचनामा करा."

धाकट्या भावाने हात खिशात घातले.

धाकटा सुतार. काम सुटल्यापासून तो इथेच, बरण्यांच्याच खोलीत अंथरूण टाकून होता. या किरकिरीने डोळ्याला डोळा लागत नाही, एक दिवस सगळ्या बरण्या खिडकीतून भिरकावतो, असं परवाच बोलून बसला होता. आणि आज त्याच्या अंगठ्याला पट्टी.

"काढ ती."

"पटाशी लागलीय, दादा."

"काम नाही, आणि पटाशी कशी लागली रे?"

धाकटा हसला. हसण्यासारखं काही नव्हतं. "काल तुझ्याच दुकानाचं दार तासून दिलं. घट्ट बसतं म्हणून तूच बोंबलत होतास."

"काढ म्हणतो ना! लाज वाटते का?"

"मला कशाला वाटेल? किड्यापायी सख्ख्या भावाची झडती तू घेतोयस."

पण काढली त्याने. चिकटलेली पट्टी ओढली तशी जखम पुन्हा वाहू लागली. घड्याळजीने अंगठा उजेडाकडे वळवला. सरळ चीर. पात्याची. चाव्याची खूण कुठेच नव्हती.

"दुसरा हात," तो म्हणाला.

दुसऱ्या हाताने धाकट्याने पिशवी उचलली. अंथरूण तसंच राहू दिलं. घड्याळजी तोवर पाठ फिरवून पुन्हा बरणीवर वाकला होता. दारातून धाकट्याने मागे पाहिलं. भावाच्या पाठीवर त्याची नजर थांबली. काही सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"जातो, दादा."

येतो म्हणाला नाही.

"पाहिलंस?" घड्याळजी बायकोला म्हणाला. "मनात पाप नसतं तर असा निघून गेला असता?"

बायको त्याच्या मागे उभी होती.

"हलू नका," ती हळूच म्हणाली. "महाराणी तुमच्या पाठीवर आहे. हिरव्यात हिरवी. दिसतसुद्धा नाही मेली."

घड्याळजी वाकला होता तसाच थिजला. सकाळी घाईत झाकण फिरवताना बोटांखाली काहीतरी कचकन अडकलं होतं, ते त्याला आत्ता आठवलं.

जिन्यात पावलं वाजत होती.

"भावजींना हाक मारू?" बायको म्हणाली. "अजून खाली पोचले नसतील."

"आधी बरणी आण."