लपवलेली धूपदाणी

दर गुरुवारी संध्याकाळी खल्फानचे दोन्ही मुलगे बायकांना घेऊन मस्कतहून गावी यायचे. कहवा व्हायचा, हलवा व्हायचा, आणि थोरल्या सुनेने धूपदाणी फिरवली की सगळे उठायचे. धूप अंगावर घेतला की पाहुण्याने निघायचं, ही तिथली रीतच. खल्फानची म्हातारी वारल्यापासून मात्र ती धूपदाणी फार लवकर फिरायला लागली होती.

म्हणून या गुरुवारी खल्फानने ती शेळ्यांच्या चाऱ्यात खुपसून ठेवली.

"बाबा, धूपदाणी कुठंय?" सुनेने सगळं घर पालथं घातलं.

"मला काय ठाऊक? नसली तर नसू दे. बसा की, कहवा गरम आहे."

"म्हणजे आज आम्हाला असंच कोरडं घालवणार?" थोरला हिलाल हसला. त्याने पुरे म्हणून पेला हलवला, तरी खल्फानने तो पुन्हा भरला.

तेवढ्यात हिलालला आठवलं. त्याने खिशातून एक काळी बाटली काढली.

"राहू दे ती धूपदाणी. बाबा, हे तुमच्यासाठीच आणलंय. संध्याकाळी लावायचं अत्तर. निखारे नकोत, राख नको. धुराचा वास आहे, चामड्याचा आहे, आणि सकाळपर्यंत हटत नाही!"

त्याने ते सगळ्यांच्या कपड्यांवर फवारलं, बापाच्या मनगटावरही. सगळे उठले. गाड्या निघून गेल्या. खल्फान भरलेल्या पेल्यासमोर तसाच बसून राहिला.



वास मात्र खरोखरच सकाळपर्यंत थांबला.