चार सेकंद

आमच्या गेममधल्या बंडखोर जादूगारणीच्या तोंडी मी एकच वाक्य घातलं होतं. "आमच्या पोरांना मनोऱ्यात कोंडलंत, म्हणून आम्ही दार फोडलं." चाचणीला बसलेले खेळाडू ते ऐकायचे आणि उगारलेली तलवार चार सेकंद तशीच धरून ठेवायचे.

"चार सेकंद फार झाले, ताई," साहेब म्हणाले. "खेळ रेंगाळतो. वाक्य काढा, किंकाळी राहू द्या."

"मग ती नुसती वेडी वाटेल हो. अन्याय आहे तिच्यावर."

"चित्रातली बाई ती. कोर्टात जाणार आहे थोडीच?"

मी वाक्य काढलं. मग कोणी थांबेना. मागच्या खुर्चीत साहेबांचे एक गणवेशातले पाहुणे बसले होते. जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "काढायला किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं," मी जरा ऐटीतच सांगितलं.

आठवड्याने कॅन्टीनच्या टीव्हीवर माझी धाकटी बहीण दिसली. तिच्या इस्पितळातल्या नर्सेसचा संप चालू होता, आणि पुढे हीच. कॅमेऱ्यापुढे ती काय बोलली ते मला पाठ होतं. आदल्या दिवशी फोनवर माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतलं होतं तिने. टीव्हीवर त्यातला एक शब्द नव्हता. तिला ओढून नेताना ती किंचाळली, तेवढंच दाखवलं.

मी मनातल्या मनात सेकंद मोजले. कॅन्टीनमध्ये कोणाचाही घास थांबला नाही.