खांबापर्यंतचं माप

चिटणिसांनी खुलाशाचा कागद टेबलावर सरकवला आणि वर पेन ठेवलं. "वाचत काय बसताय, मापाडी? तुमचंच माप आहे. खाली सही तेवढी करा."

मोटार शर्यतींच्या मंडळात म्हाताऱ्याला सगळे मापाडीच म्हणत. सरळ पट्टीवर दोन गाड्या शेजारी-शेजारी सुटतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत शेवटची रेघ ओलांडतात. त्यापुढे गाडी थांबायला सहाशे मीटर डांबर हवं आणि डांबरानंतर वाळू, असा मंडळाचा नियम. ते डांबर मोजायचं काम त्याचं. दाखल्यावर त्याने सहाशे बारा लिहिलं होतं. गेल्या रविवारी एक गाडी वाळूत शिरून उलटली, चालवणाऱ्याची मांडी मोडली. आज सकाळी पेपरात आलं, मंडळ डोळे मिटून दाखले देतं, इथे डांबर सहाशे भरतच नाही.

"त्या बातमीदार बाईने आपल्याला पाण्यातच पाहायचं ठरवलंय," चिटणीस म्हणाले. "खुलासा छापून येऊ दे, तिचा पासच काढून घेतो. परवाची शर्यत काही थांबत नाही."

मापाड्याने पेनाला टोपण लावलं. "एकदा मोजून येतो."

"चाळीस वर्षं मोजताय. आता स्वतःवरच भरवसा नाही?"

"भरवसा आहे म्हणून तर जातोय. तिच्या तोंडावर आकडा मारायचाय."

पट्टीवर ऊन होतं. बातमीदार बाई गुडघे टेकून टेपचं टोक विटेखाली दाबत होती.

"काका, जरा टोक धरता? वीट सारखी सरकतेय."

"ती टेप शिंप्याला देऊन टाका," मापाडी म्हणाला. "या माझ्याबरोबर."

त्याने मोजायचं चाक रेघेवर ठेवलं, आकडा शून्यावर आणला आणि निघाला. चाकाने उड्या मारू नयेत म्हणून तो नेहमी कडेच्या काँक्रीटवरून चालायचा. ती पट्टीच्या मधून चालत होती. दर मीटरला चाक टकटक करत होतं. लाल-पांढऱ्या खांबाशी तो थांबला.

"या, वाचा. मोठ्याने वाचा."

ती आली नाही. एका पायावर उभी राहून ती बूट झटकत होती. बुटातून वाळू पडली.

"काका, मी मघापासून वाळूतच चालतेय."

"असं कसं? वाळू खांबापासून सुरू होते," तो म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याने मागे वळून पाहिलं.

गेल्या वर्षी मंडळानेच हुकूम काढला होता, वाळू वाढवा. पलीकडे भिंत, म्हणून ती अलीकडे, डांबरावरच पसरली. खांब कोणी हलवला नाही. आणि त्याने खांब पाहिला होता, खाली पाहिलंच नव्हतं.

तो पुन्हा रेघेपाशी गेला. आकडा शून्यावर आणून पुन्हा मोजत आला, या वेळी मधून. डांबर संपलं तिथे चाक आपोआप अडलं. पाचशे बाहत्तर. त्याने चष्मा पुसून परत पाहिलं. तेवढेच.

खिशातला फोन वाजला. "सही कधी करताय? माणूस खुलासा पेपरात न्यायला खोळंबलाय!"

"तो कागद फाडा, चिटणीस. माप चुकलंय. चूक माझी."

चिटणिसांचा आवाज खाली आला. "हे बघा, कुणाजवळ बोलू नका. विशेषतः त्या बाईजवळ."

"ती इथेच उभी आहे," मापाडी म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

बाईने वही काढली होती, पण लिहिलं काहीच नव्हतं. "काका, तुमचं नाव घालू का नको?"

"घाला. नाहीतर चाक उचलणाऱ्या गड्यावर ढकलून मोकळे होतील." तो खाली बसला आणि चाकात अडकलेली वाळू बोटाने काढू लागला. "पेपरात किती जागा मिळते तुम्हाला?"

"जागा? उद्याला एक कॉलम मिळेल."

"मावायचं नाही," तो मान वर न करता म्हणाला. "वाळू पाच पट्ट्यांवर वाढवली होती. पाचही दाखले माझेच आहेत."