यंदा जास्वंद फुलणार

"ती जास्वंद आधी घराबाहेर काढा, रिम्मा साव्विच्ना!" फाइना दारातूनच म्हणाली. "निदान या हिवाळ्यात तरी."

खालच्या मजल्यावरची ही फाइना एकेकाळी शाळेत रिम्माची विद्यार्थिनी होती. आता तिला स्वतःला नातू झाला होता, पण रिम्मासमोर अजून शाळकरी पोरीसारखीच उभी राहायची.

"वनस्पतिशास्त्रात तुला पाचपैकी तीन गुण मिळायचे, तेही रडतरखडत," रिम्मा म्हणाली. "हिवाळ्यात जास्वंद फुलली की घरातलं माणूस जातं, हे कुठल्या धड्यात होतं गं?"

"सगळं गाव म्हणतं."

"गाव तर मांजर आडवं गेलं की खांद्यावरून तीनदा थुंकतं. तूही थुंक आणि घरी जा."

फाइनानं बरणी टेबलावर ठेवली. "ओटची पेज आणलीय. तुम्ही प्या हं. प्रोखोर इल्यिच यांना नका देऊ."

"त्याच्या पोटात दोन घास जाईनात, आणि मी पेज पीत बसू?"

फाइनाचे डोळे भरून आले. ती घाईघाईनं जिना उतरली.

बाहेर उणे तीस होतं. सप्टेंबरात दंव पडायच्या आत रिम्मानं कुंडी बाल्कनीतून आत आणली होती. दरवर्षी ती फांद्या छाटून जास्वंदीला जिन्यातल्या थंड खिडकीशी ठेवायची आणि पाणी तोडायची. वसंत येईपर्यंत झाड झोपून राहायचं. यंदा मात्र तिनं ते झोपू दिलं नव्हतं. खोलीतल्या दक्षिणेच्या खिडकीत, हीटरपासून हातभर लांब, पाण्यात भिजवलेल्या खड्यांवर कुंडी ठेवली होती, आणि वरून दिवा लावला होता. यंदा तिला फूल हवं होतं.

कारण होता प्रोखोर, तिचा नवरा.

ऑक्टोबरात त्याचा गुडघा दाखवायला दोघं दवाखान्यात गेली होती. आलोच आहोत तर म्हणून तिनंही आपलं दुखरं पोट तपासून घेतलं. आठवड्यानं दोघं निकाल घ्यायला गेली, तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोन मिनिटांत वाटेला लावलं. जठराला सूज आहे, हलकं खा, काळजी करू नका. मग प्रोखोरला आत बोलावलं. वीस मिनिटांनी तो बाहेर आला, तो टोपी आतच विसरून.

"काय म्हणाल्या?"

"गुडघा," तो म्हणाला.

गुडघ्यापायी कुणाचा चेहरा असा पांढराफटक पडत नाही. रिम्मा काय ते समजली, आणि तिचा त्या बाईवर संताप संताप झाला. इथं असल्या आजाराचं नाव रोग्यासमोर कुणी घेत नाही. तिची सख्खी बहीण शेवटपर्यंत 'संधिवात आहे' असंच समजत होती. आणि या बाई खुशाल त्याला तोंडावर सांगून मोकळ्या!

तेव्हापासून प्रोखोरचं जेवण तुटलं. त्यानं भांडणंही सोडलं. चव्वेचाळीस वर्षं चहाच्या साखरेवरून भांडणारा माणूस 'तू म्हणशील तसं' म्हणू लागला, याची तिला सगळ्यात जास्त धास्ती वाटली. गुडघा दुखत असूनही तो तिच्या हातातली बादली ओढून घ्यायचा. सहा वर्षांत न फिरकलेला मुलगा नववर्षाला येतो म्हणाला आणि फोनवरच रडला. रिम्मानं कुणालाही काही विचारलं नाही.

एकदा प्रोखोर नुसतं म्हणाला, "यंदाही जिन्यातच ठेव ना ती."

"का? भितोस?"

"हो."

तिथंच तिनं ठरवलं. हा माणूस आजारानं नाही, भीतीनं खचतोय. नववर्षाच्या टेबलावर भलंमोठं लाल फूल ठेवायचं. आठवड्यानंही हा समोर बसून चहा पीत असेल, मग बघू कोण कुणाला घाबरतं ते! तिनं कंबर कसली. स्कर्ट आताशा सैल व्हायला लागला होता, त्याला पिन लावली. धावपळीनं होतं तसं.

कळ्या आल्या. आधी तीन, मग पाच. आणि एकेक करून नाहीशा झाल्या. कोरड्या हवेनं गळत असतील म्हणून तिनं आणखी पाणी शिंपडलं. पण गळलेली कळी खाली सापडायला हवी, आणि जमिनीवर तर काहीच नसायचं. शेवटी तिनं शाळेतलं जुनं भिंग काढून देठ पाहिला. तो तिरपा, स्वच्छ कापलेला होता.

जादा किल्ली फाइनाकडे असायची. रिम्मा तडक खाली गेली.

"चोरटे! माझ्या कळ्या कापतेस?"

"मी नाही हो, शपथ!" फाइना रडायला लागली. "पण जो कुणी कापतोय त्याला रागावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिम्मा पाव आणायला निघाली. दोन जिने उतरेपर्यंतच तिला दम लागला. तिथंच पायरीवर जरा टेकली आणि परत वर आली.

प्रोखोर कुंडीपुढे बसला होता, दुखऱ्या गुडघ्यावर. एका हातात तिची नखं कापायची कात्री होती. दुसऱ्या हातात शेवटची कळी होती, टोकाला लाल दिसू लागलेली.

"तू?" तिच्या हातून पिशवी पडली. "अरे, फुलानं कुणी मरत नसतं! एवढा भित्रा कधीपासून झालास? डॉक्टरीणबाई काय हवं ते सांगू देत. मी तुला जाऊ देणार नाही, ऐकतोयस?"

"ऐकतोय." तो उठला नाही. "येईल ती कळी कापणार मी. मार्चमध्ये कापीन, एप्रिलमध्ये कापीन. तुला हसायचं तेवढं हस."

"पण तुला झालंय तरी काय, ते एकदा माझ्या तोंडावर सांग!"

प्रोखोरनं मान वर करून पाहिलं. तिच्या स्कर्टची पिन पुन्हा निसटली होती. कात्री खाली ठेवून त्यानं हळूच ती नीट लावून दिली.

"गुडघा, रिम्मा," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगतोय. माझा फक्त गुडघा दुखतो."