सुनीतीची बेटं

आमचा शार्दूल कॅरिबियन बेटांमधून पर्यटकांना शिडाच्या बोटीने फिरवतो. दर हिवाळ्यात त्याचा काशीला फोन यायचा, "आईबाबा, या ना. दिवसभर समुद्र, संध्याकाळी नव्या बेटावर उतरून भटकायचं." पुस्तकातून मान वर न करता मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी नक्की." सुनीती हसायची, "यांचं पुढचं वर्ष कुठल्याच पंचांगात नाही रे!"

माघात ती गेली. शार्दूल आला. अस्थींचा कलश घेऊन मी शिंदे घाटाकडे निघालो, तर तो दारातच आडवा आला.

"गंगेत नाही, बाबा. आईने मला सांगून ठेवलंय, बोटीवर ने आणि एकेका बेटावर मला थोडी थोडी उतरव."

"अरे, सारं जग अस्थी घेऊन काशीत येतं आणि हिला इथून बाहेर जायचंय?" मी म्हणालो.

कलश माझ्या हातातून घेऊन शार्दूल तिच्या शालीत गुंडाळू लागला.

"मग मीही येतो," मी कसाबसा बोललो. "तिला एकटीला नको नेऊस."

"तुमचा पासपोर्ट आहे का, बाबा?"

मी नकारार्थी मान हलवली.



"आईने तर तिचा सहा वर्षांपूर्वीच काढून ठेवला होता."